ट्रक कॅम्परच्या मागे सामुराई: चारही चाकांवर ओढायची की ट्रेलरवर चढवायची?

घाटमाथा:
मंडळी, जरा वेगळा विषय. मी कोलोरॅडोत राहतो. एक टनी पिकअप आहे, रॅम ३५००, मागे साधी दोनच चाकं, ड्युअली नाही. तिच्या हौद्यात स्लाइड-इन कॅम्पर (हौद्यात सरकवून बसवायचं छोटं घर) बसवलाय. पाणी, गॅस, किराणा, मुलांची खेळणी धरून कॅम्पर ३५०० पाउंडांच्या आसपास जातो. शिवाय तो बंपरच्या मागे साडेतीन-चार फूट बाहेर येतो, त्यामुळे हिचला (ट्रकच्या मागे वाहन जोडायच्या जागेला) लांब एक्स्टेन्शन लागणारच.

आता दारात १९८८ ची सुझुकी सामुराई येऊन उभी आहे. म्हणजे आपल्या जिप्सीचीच आखूड आवृत्ती. कॅम्पर घेऊन कोलोरॅडोतला इमोजीन पास किंवा युटामधल्या मोआबच्या खडकांवर चढता येत नाही, म्हणून हिला बरोबर न्यायचा बेत आहे. एक मार्ग म्हणजे टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) लावून चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची. दुसरा, कार ट्रेलर. माझा कल टो बारकडे. घरातलं बहुमत ट्रेलरच्या बाजूने. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. गिअर कशात ठेवायचा, ब्रेकचं काय, घाटात काय होतं, सगळंच.

पिठलंभाकरी:
तिसरा मार्ग: युरे (इमोजीनच्या पायथ्याचं गाव) आणि मोआब दोन्हीकडे जीप भाड्याने मिळते. टो बार, बेसप्लेट (मागच्या गाडीला बार अडकवायची पट्टी), ब्रेक आणि वायरिंगच्या पैशात किती दिवस जीप उडवता येईल ते मांडून बघा.

घाटमाथा:
तो हिशोब घरी केव्हाच मांडून झालाय. आकडा इथे लिहिणार नाही.

तिरकस:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वसुधा_फीनिक्स:
आम्ही मोटरहोमच्या मागे होंडा सीआर-व्ही बरीच वर्षं ओढली. आमची २०१२ ची. २०१४ पर्यंतच्या सीआर-व्ही कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे चारही चाकांवर ओढता यायच्या, २०१५ ला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली. म्हणून पहिली गोष्ट, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. शेजाऱ्याची तशीच गाडी चालली म्हणून आपली चालेल असं नसतं.

एकदा सवय झाली की हे फार सोयीचं पडतं. मुक्कामी पोचलं की पाच मिनिटांत गाडी मोकळी. ट्रेलर असला की तो कुठे उभा करायचा हा प्रश्न प्रत्येक कॅम्पग्राउंडवर नव्याने उभा राहतो.

चक्रधर:
लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

टो बार की ट्रेलर ही चर्चा सगळे ब्रेक आणि रिव्हर्सवरून करतात. मोटरहोमवाल्यांसाठी ते ठीक आहे. ट्रक कॅम्परवाल्याने आधी बघायचं ते हिचवर पडणारं उभं वजन. ट्रेलर नीट, न डोलता चालायला हवा असेल तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर असावा लागतो. सामुराई २१०० पाउंड धरा, ट्रेलर १८०० ते २००० चा. एकूण ४००० च्या घरात. म्हणजे हिचवर किमान ४००, बहुधा ४५०.

आता तुमचं हिच कुठे आहे बघा. एक्स्टेन्शन धरून मागच्या ॲक्सलच्या साधारण ८ फूट मागे. लांब हौद्याच्या क्रू कॅब रॅमचा व्हीलबेस १४ फूट. तिथे ४५० पाउंड ठेवले की मागच्या ॲक्सलवर ४५० नाही, ७०० च्या वर वजन येतं, आणि पुढच्या चाकांवरून अडीचशे पाउंड उचलले जातात. तरफेचा साधा हिशोब आहे. ३५०० पाउंडांचा कॅम्पर घेतलेल्या बिगर-ड्युअली ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर ७०० पाउंडांची जागा शिल्लक असते का? बहुतेक वेळा नसते.

टो बारवर हे उभं वजन जवळपास शून्य. मागची गाडी आपलं वजन आपल्याच चार चाकांवर वाहते, हिचवर येतं ते फक्त बारचं अर्धं वजन. म्हणून ट्रक कॅम्परला टो बार. माझ्यासाठी विषय इथेच संपतो, बाकीचे सगळे तपशील.

एक्स्टेन्शनबद्दल: साध्या हिचमध्ये खुपसायची जी चौकोनी नळी मिळते ती लावली की हिचची क्षमता साधारण निम्मी धरायची. कॅम्परवाल्यांसाठी चेसिसला दोन मजल्यांवर धरणारी हिच आणि खालून ट्रस असलेलं एक्स्टेन्शन मिळतं, ते घ्या. महाग आहे. घ्याच.

पिठलंभाकरी:
"महाग आहे. घ्याच." हे वाक्य आमच्या घरी फ्रेम करून लावायला हवं.

मोआबी:
चक्रधर यांचं गणित बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. सामुराई शोभेला नेत नाहीयेत, खडकांवर न्यायची आहे. तिथे गाड्या मोडतात. ॲक्सल शाफ्ट तुटला, स्टीअरिंगचा रॉड वाकला, पुढच्या चाकाचा नकल (चाक वळवणारा सांधा) फुटला तर ती चारही चाकांवर ओढून घरी कशी आणणार? टो बारला पुढची दोन्ही चाकं आपोआप वळणारी आणि सरळ राहणारी लागतात. स्टीअरिंग गेलं की तुमची ओढण्याची सोयही गेली. ट्रेलरवर मोडकं धूडसुद्धा विंचने चढवून आणता येतं.

मी दोन्ही करून ट्रेलरवर स्थिरावलोय. मात्र माझ्याकडे हौदा रिकामा असलेला ट्रक आहे, कॅम्पर नाही, हेही मान्य.

चक्रधर:
मोआबी, तुमचं खरं आहे. मोआबच्या "हेल्स रिव्हेंज"सारख्या खडकाळ वाटेवर जायचं असेल तर ट्रेलर. इंजिनिअर पास, सिनॅमन पास, शेफर ट्रेल असल्या रस्त्यांवर धड स्थितीतली सामुराई सहसा मोडत नाही. घाटमाथा, कुठल्या जातीच्या वाटा आहेत तुमच्या डोक्यात?

घाटमाथा:
दुसऱ्या जातीच्या. मुलं मागे बसणार आहेत. अल्पाइन लूप, इमोजीन, आणि मोआबला शेफर. व्हाइट रिमचा परवाना मिळाला तर तो.

नाशिककर:
सामुराईचा विषय निघालाच आहे तर जिप्सीवाल्यांना हजेरी लावू द्या. भारतात जिप्सी १९८५ च्या शेवटी आली, आमच्या गावात पहिली दिसली ती पोलिसांची. तिचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, तुमच्या सामुराईचा २०३०. म्हणजे तुमच्यापेक्षा फूटभर लांब. ताडोबाला गेलात तर उघड्या जिप्सीतच बसाल. आता जिम्नी आली, पण जिप्सीच्या टपावर बसून जी मान मोडायची ती मजा तिच्यात नाही.

तिरकस:
धागा अमेरिकेत सुरू झाला आणि दहाव्या प्रतिसादात ताडोबाला पोचला. आपली प्रगती आहे.

रेवा_पुणे:
प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. भारतात असं का दिसत नाही? जीपच्या मागे जीप बांधून लोक लडाखला का नेत नाहीत?

नाशिककर:
रेवा, कायद्यातच बसत नव्हतं. १९८९ च्या रस्ते नियमांत लिहिलं होतं की बंद पडलेली किंवा अर्धवट जोडलेली गाडी, नोंदणीकृत ट्रेलर किंवा साइडकार यांखेरीज दुसरं वाहन ओढायचं नाही, आणि वाहन ओढत असाल तर वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. लडाखला त्या वेगाने पोचेपर्यंत पास बंद होईल. आणि आपल्याकडे ओढणं म्हणजे सुती दोर, मागच्या गाडीत घाबरलेला भाचा आणि पुढून मामाच्या शिव्या.

वसुधा_फीनिक्स:
भाचा :D :D अगदी!

सॅनहोजेकर:
अवांतर: आपल्या देशी कंपनीचीच गाडी हवी तर महिंद्रा रॉक्सर का नाही? मिशिगनमध्ये ऑबर्न हिल्सला जोडायचे, २०१८ पासून. डिझेल, लोखंडी, दिसायला अस्सल आपली जीप. फार जीपसारखी दिसते म्हणून जीपवाल्यांनी व्यापार आयोगाकडे तक्रारही केली होती, मग महिंद्राला थोबाड बदलावं लागलं.

चक्रधर:
रॉक्सर रस्त्यासाठी बनलेली नाही, शेत-रान वापरासाठी आहे. रस्त्याची नंबरप्लेट बऱ्याच राज्यांत मिळत नाही. चारही चाकांवर ओढायची तर चाकं सार्वजनिक रस्त्यावर फिरणार, त्यामुळे ती ट्रेलरवरच न्यावी लागते. म्हणजे पुन्हा ते ७०० पाउंड. साइड-बाय-साइडवाल्यांचंही (रानात चालवायच्या छोट्या उघड्या गाड्या) हेच.

घाटमाथा:
रॉक्सर नको. सामुराई आहे तीच न्यायची. गिअरचं कोणी सांगेल का?

चक्रधर:
सांगतो. आधी कारण, म्हणजे कृती लक्षात राहील.

ओढताना इंजिन बंद असतं पण मागची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, आणि तो गिअरबॉक्सचा शेवटचा दांडा फिरवतो. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल नाही, दांडा मात्र ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने फिरतोय. शे-दोनशे मैलांत गिअरबॉक्स जळून जातो. जिला वेगळा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आहे आणि त्यात खरा न्यूट्रल आहे, ती गाडी या कटकटीतून सुटते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकला की गिअरबॉक्स चाकांपासून तुटतो. म्हणूनच रँग्लर इतक्या दिसतात मोटरहोमच्या मागे. तिथे ट्रान्सफर केस न्यूट्रल आणि ऑटोमॅटिक पार्कमध्ये ठेवायचा असतो. नवी ब्रॉन्कोही अशी ओढता येते.

सामुराईत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, चेसिसला टांगलेला असतो. न्यूट्रलला टाकला तरी त्याच्या आतली काही चक्रं फिरत राहतात. लांबच्या पल्ल्याला मी मागचा प्रॉपेलर शाफ्टच काढतो. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायच्या जातीचे असतील तर ते "फ्री"वर. मग चाकं आणि डिफरन्शियल सोडून आत काहीच फिरत नाही. शाफ्टचे बोल्ट डबीत, डबी ट्रकमध्ये. पाना-सॉकेटसकट पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण मोआबला आठवडाभर थांबणार असाल तर काय बिघडतं? शाफ्ट काढायचा नसेल तर तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ओढण्याचा वेग आणि मध्ये थांबून तेल फिरवण्याबद्दल काय म्हटलंय ते शब्दशः पाळा.

केदार७१:
शाफ्ट काढण्याला अनुमोदन. अजून एक फायदा: सामुराईचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसमधून चालतो. शाफ्ट लावून ओढली की गाडी गप्प उभी असल्यासारखी वाटते आणि ओडोमीटर मात्र मैल मोजत बसतो. विकायच्या वेळी समजावत बसा.

घरातलं_बहुमत:
नवीन सभासद. मी कोण ते ओळखलं असेलच. मला कुणीतरी एवढंच सांगा, उतारावर तो बार निसटला तर ती गाडी कुठे जाते?

तिरकस:
पॉपकॉर्न संपले, पुन्हा आणतो.

वसुधा_फीनिक्स:
बहुमत, स्वागत! अगदी नेमका प्रश्न विचारलात. तीन गोष्टी असतात. पहिली, सेफ्टी केबल, दोन, बारच्या खालून एकमेकींवर फुली मारून लावायच्या, म्हणजे बार निसटला तरी गाडी मागेच राहते आणि बार जमिनीत रुतत नाही. दुसरी, मागच्या गाडीतला स्वतंत्र ब्रेक. तिसरी, ब्रेकअवे स्विच: एक बारीक दोरी ट्रकला अडकवलेली असते, गाडी तुटून लांब गेली की पिन निघते आणि मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप दाबले जातात. ती दोरी केबलपेक्षा लांब हवी, नाहीतर वळणावरच ब्रेक लागतील. आणि ती हिचच्या सुट्या तुकड्याला न बांधता ट्रकच्या चेसिसला बांधायची. तुकडाच निघून आला तर दोरी त्याच्याबरोबर जाईल.

घरातलं_बहुमत:
धन्यवाद ताई. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

घाटमाथा:
सांगितलं होतं...

मोआबी:
ब्रेकवर माझेही दोन शब्द. "सामुराई हलकी आहे, ब्रेक कशाला" असं म्हणणारे भेटतील. कायदा राज्यागणिक वेगळा. ट्रेलरना ब्रेक सक्तीची रेषा बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांवर आहे, कॅलिफोर्नियात १५०० वर. पण आयसेनहॉवर बोगदा ११००० फुटांवर आहे, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे किंवा डेन्व्हरकडे उतरताना कायदा मदतीला येत नाही. ट्रक आणि कॅम्पर मिळून आधीच ११-१२ हजार पाउंड, त्यात मागून २१०० ढकलणार. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक ट्रकला धरेल, तरी मागच्या गाडीला तिचे ब्रेक हवेतच.

पेडल दाबणारी खोक्याची यंत्रं मिळतात, चालकाच्या सीटपुढे ठेवायची. सामुराईचं इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते, पेडल दगडासारखं होतं. यंत्र त्या स्थितीत जुळवून घ्या, म्हणजे इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबून व्हॅक्यूम संपवा आणि मग सेट करा. ते खोकं सामुराईच्या बॅटरीवर चालतं. ट्रकमधून चार्जची एक तार मागे न्या.

केदार७१:
आणि कॅलिफोर्नियात शिरलात तर काहीही ओढणाऱ्याला ताशी ५५ मैल. रस्ता रिकामा असला तरी.

सॅनहोजेकर:
सामुराई उलटते म्हणतात ना? ओढताना धोका नाही का?

मोआबी:
ती ख्याती १९८८ ची. कन्झ्युमर रिपोर्ट्सने तिला "नापसंत" ठरवलं, सुझुकीने पुढे खटला भरला, २००४ मध्ये तडजोड झाली. अरुंद आणि उंच गाडी आहे, जोरात चालवताना जपायलाच हवं. सरळ ओढताना मात्र दुसरीच गोष्ट सतावते: पुढची चाकं थरथरणं. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्टीअरिंगचे सांधे ढिले असतील तर ताशी ५० मैलांच्या आसपास पुढची चाकं डावी-उजवी नाचायला लागतात, आणि ट्रकमध्ये बसून ते उशिरा कळतं. सामुराईत किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग आधी बघा. इतक्या जुन्या गाडीत ते बहुतेक संपलेलेच असतात. टाय रॉडचे सांधे, चाकांचं बॅलन्सिंग, टायरची हवा. मागे बघायला एक कॅमेरा लावाच. कॅम्पर आरसा झाकतो, सामुराई तुम्हाला दिसणारच नाही.

वसुधा_फीनिक्स:
कॅमेऱ्याला +१००. एका कॅम्पग्राउंडवर शेजारचे गृहस्थ हँडब्रेक ओढलेलीच गाडी घेऊन निघाले. मागून धूर निघतोय हे त्यांना हायवेवर दुसऱ्याने हॉर्न वाजवून सांगितलं. मागची दोन टायरं एका बाजूने चपटी.

पिठलंभाकरी:
रिव्हर्सचं कोणी बोललंच नाही अजून.

चक्रधर:
रिव्हर्स नाही. एका वाक्यात संपलं. पाच-सात फुटांनंतर मागच्या गाडीची चाकं आडवी होतात आणि बारवर किंवा बेसप्लेटवर ताण येतो. पेट्रोल पंपावर आत शिरण्यापूर्वी बाहेर पडायचा मार्ग बघायचा. अडकलात तर गाडी सोडवायची, ट्रक मागे घ्यायचा, पुन्हा जोडायची. तिरकं उभं राहिलं की बारचे हात ताणात अडकून सुटत नाहीत, म्हणून घेताना ताणातही सुटणारा बार घ्या.

आणि उंची. ट्रकचं हिच आणि सामुराईची बेसप्लेट यांच्यात तीन इंचांपेक्षा जास्त फरक नको. हे माप कॅम्पर भरलेला असताना घ्या. ट्रक रिकामा असताना मोजलं तर बार आणि ड्रॉप हिच दोन्ही चुकीचे येतील.

रेवा_पुणे:
आमच्याकडे यातलं काहीच करता येत नाही तरी सगळं वाचलं.

केदार७१:
घाटमाथा, युरेला जाताना सगळं धूड घेऊन रेड माउंटन पास ओलांडू नका. हायवे ५५० युरे ते सिल्व्हरटन बराचसा कठड्याविना आहे, पास ११०१८ फूट. उत्तरेकडून या, रिजवेला मुक्काम करा, तिथल्या स्टेट पार्कमध्ये कॅम्पर राहील, आणि सामुराईने पुढे जा. तुमची १९८८ ची म्हणजे कार्ब्युरेटरवाली. इंजिनिअर पास १२८०० फूट, तिथे १.३ लिटरच्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद हवेतच जाते. लो रेंजमध्ये टाकायचं आणि मुलांना गाणी म्हणायला लावायची.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार. काल भरलेला ट्रक ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर नेला. मागच्या ॲक्सलच्या मर्यादेला ३०० पाउंडही उरत नाहीत. चक्रधर यांचे ७०० बसणं शक्यच नाही. म्हणजे टो बार. बहुमतानेही पावती बघितली आणि मान्यता दिली, ब्रेकअवेच्या अटीवर. शाफ्ट काढणार. किंगपिनचे बेअरिंग मागवलेत.

एकच उरलं, दिवे. ट्रकचं सात पिनांचं सॉकेट हौद्यात कॅम्परने अडवलंय.

चक्रधर:
बंपरखालच्या मूळ सॉकेटमधून एक लांब हार्नेस एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंत न्या. कॅम्परचं आणि सामुराईचं जोडकाम वेगळं ठेवा. सामुराईच्या स्वतःच्या वायरिंगला हात लावायचा तर मध्ये डायोड हवेत, नाहीतर ट्रकचा करंट उलटा गाडीत शिरतो. जुन्या गाडीत मी ते टाळतो. मागच्या दिव्यांच्या घरात एक-एक जादा बल्ब बसवून त्याची तार थेट पुढे आणा. गाडीच्या वायरिंगशी संबंधच नाही. चार्जच्या तारेला फ्यूज लावा, ट्रकच्या बाजूला. निघण्यापूर्वी एकाने मागे उभं राहून इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग तिन्ही बघायचे.

घरातलं_बहुमत:
मागे उभं कोण राहणार ते ठरलेलं आहे. गाडी मी चालवणार.